हार्डीची 'अ पेअर ऑफ ब्लू आइज' : कशी वाटली?

इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डी म्हटलं की बोलणं त्याच्या 'टेस' नाहीतर 'ज्यूड' या कादंबऱ्यांवर जातं. १८७३ची ही तिसरी कादंबरी मागेच राहते. लेखक म्हणून त्याचं नाव छापून आलेली ही पहिलीच. आधीच्या दोन निनावी होत्या. पुढे स्वतःच्या पुस्तकांची वर्गवारी करताना त्याने हिला 'रोमान्स आणि फँटसी'च्या गटात ठेवलं. वाचलेल्यांनी काय जमलंय, काय फसलंय ते शक्यतो प्रकरणासकट सांगा. शेवटाबद्दलही बोलू, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको त्यांनी इथेच थांबावं.

०

एकूण ४० प्रकरणं आहेत आणि बरेच जण पहिल्या बारांतच पुस्तक खाली ठेवतात. तिथे फक्त एल्फ्रिड आणि स्टीफन स्मिथ यांचं कोवळं प्रेम आहे: ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या रेक्टरची (गावच्या पाद्र्याची) मुलगी, तो गवंड्याचा मुलगा, चर्चच्या दुरुस्तीसाठी आलेला. पळून जाऊन लग्न करायला दोघं लंडनला पोचतात आणि पॅडिंग्टन स्टेशनवरूनच लगेच परत फिरतात. हा भाग संथ आहे, मान्य. पण तो गाळू नका. दुसरा नायक हेन्री नाइट आल्यावर यातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग उलटा होऊन परत येतो. बुद्धिबळात ती स्टीफनला मुद्दाम जिंकू देते. नाइट तिला सरळ हरवतो आणि ती रात्रभर तळमळते. स्टीफनसोबत बसली असताना तिच्या कानातलं हरवतं, ते त्याच जागी नाइटसमोर सापडतं. आधीचं लक्षात नसेल तर पुढचं नुसतं योगायोगांचं गाठोडं वाटतं.

०

कड्याचा प्रसंग (प्रकरण २१ आणि २२) हार्डीने लिहिलेल्या सर्वोत्तम पानांपैकी आहे, यात मला शंका नाही. त्याची रचना बघा. कडा साडेसहाशे फूट. वारा समोरून आदळून वर चढतो हे दाखवताना नाइटची टोपी उडते, तो ती आणायला कठड्यापलीकडे उतरतो. पावसाने उतार निसरडा झालेला. एल्फ्रिड मदतीला जाते आणि तीही घसरते. तो आधी तिला वर काढतो, आणि त्या धडपडीत स्वतः खाली जाऊन गवताच्या शेवटच्या झुबक्याला लोंबकळतो. गावात जाऊन यायला तिला पाऊण तास लागणार, त्याचे हात दहा मिनिटंसुद्धा टिकणार नाहीत. ती कठड्यामागे दिसेनाशी होते आणि प्रकरण संपतं.

पुढच्या प्रकरणात त्याच्या डोळ्यांसमोर खडकातला ट्रायलोबाइट (एका नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म) येतो, लाखो वर्षांपूर्वी मेलेला, त्याच्याकडे रोखून बघणारा. तेवढ्यात तिने अंगावरचे आतले कपडे काढून, फाडून, पट्ट्यांना गाठी मारून दोर केलेला असतो. नाइट एकेक गाठ तपासायला सांगतो. दोराचं टोक ती स्वतःच्या कमरेला बांधते. त्या काळातली नायिका नायकाला वाचवते, आणि तेही इतक्या व्यवहारी डोक्याने! 'क्लिफहँगर' (ऐन उत्कंठेच्या क्षणी तोडलेला भाग) हा शब्द इथूनच आला असं सांगितलं जातं, ते मात्र धरून चालू नका. शब्द बऱ्याच नंतरचा, १९३०च्या दशकात रुळलेला.

०

कडा उत्तम, कबूल. पण मला नाइट सहन होत नाही. वय तिशीपार, समीक्षक, आणि अट काय, तर मुलीने आधी कुणाचं चुंबनसुद्धा घेतलेलं नसावं! जिने जीव वाचवला तिची तो पानोपानी उलटतपासणी घेतो. ती घाबरून अर्धंच सांगते, मग ते अर्धं खोट्यासारखं दिसतं. १८ वर्षांनी 'टेस'मध्ये टेसचा नवरा एंजल क्लेअर हेच करतो, पण तिथे लेखक टेसच्या बाजूने ठाम उभा आहे. इथे हार्डीची भूमिका डळमळते. कधी एल्फ्रिडच्या चंचलपणालाच दोष दिल्यासारखं वाटतं. माझ्या मते कादंबरी मागे पडण्याचं खरं कारण हेच.

०

मराठी वाचकाने स्टीफनकडे जरा थांबून बघावं, कारण तो नशीब काढायला येतो तो मुंबईत. कथेचा काळ १८६०च्या दशकातला. किल्ल्याची तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारती उभ्या राहायच्या होत्या, कापसाच्या तेजीचा पैसा शहरात खेळत होता. इंग्लंडमध्ये गवंड्याचा मुलगा म्हणून अडलेल्या आर्किटेक्टला मुंबई हा सुटकेचा मार्ग वाटावा, हे अगदी पटतं. तिथून तो एल्फ्रिडच्या नावे २०० पौंड पाठवतो. सुएझ कालवा १८६९चा, म्हणजे तेव्हा तो खुला नव्हता; टपालाला आणि प्रवासाला लागणारा जादा वेळही धरा. त्या अंतरातच नाइट शिरतो. मुंबईचं वर्णन मात्र शोधू नका, ते जवळपास नाहीच.

स्टीफनचं लॅटिनही बघा. नाइटकडून पत्रांतून शिकला, म्हणून अर्थ बरोबर आणि उच्चार चुकीचे. रेक्टरला ते उच्चार विचित्र वाटतात. एका बारीक तपशिलात वर्गभेद असा पकडलेला मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

०

योगायोग अति होतात. एल्फ्रिडवर डूख धरून असलेली विधवा मिसेस जेथवे चर्चचा मनोरा कोसळून त्याखाली मरते आणि एल्फ्रिडविरुद्ध लिहिलेलं तिचं पत्र तरी नाइटला मिळतंच. मासिकात क्रमशः (सप्टेंबर १८७२ ते जुलै १८७३) आल्यामुळे दर हप्त्याला धक्का हवा असणार. सलग वाचू नका. रोज तीन-चार प्रकरणं पुरतात.

०

शेवटाबद्दल वर कुणी लिहिलं नाही. स्टीफन आणि नाइट, दोघंही तिला परत मागायला एकाच गाडीने निघतात. गाडीला जोडलेल्या काळ्या डब्यात तिचीच शवपेटी आहे हे त्यांना ठाऊक नसतं. ती दरम्यान तिथल्याच उमराव लॉर्ड लक्सेलियनची बायको झालेली असते. काहींना हा शेवट नाटकी वाटतो. मला नाही वाटत, कारण दोघंही वाटेत भांडतात ते तिच्यावर हक्क कुणाचा यावरच.

पुस्तक संपल्यावर हार्डीच्या '१९१२–१३'च्या कविता वाचा. १८७० साली तो स्वतः कॉर्नवॉलला सेंट ज्युलियटचं चर्च बघायला गेला आणि तिथे त्याला एमा गिफर्ड, त्याची पुढची बायको, भेटली. १९१२मध्ये ती वारल्यावर तो पुन्हा त्याच कड्यांवर जाऊन आला. घोड्यावर बसलेली एल्फ्रिड आणि कवितांमधली घोडेस्वार एमा शेजारी ठेवून बघा.