घडीचा चाकू खिशात ठेवून सार्वजनिक ठिकाणी फिरणे कायदेशीर आहे का?

पायवाट (प्रश्नकर्ता)

पदभ्रमण आणि सायकलचा लांब प्रवास यांसाठी मी एक घडीचा चाकू वापरतो. त्याचे पाते सुमारे आठ सेंटिमीटर लांब आहे, ते अंगठ्याने एका हाताने उघडता येते आणि पूर्ण उघडल्यावर खटका बसून जागच्या जागी पक्के होते. दोरी कापणे, तंबूचा पट्टा दुरुस्त करणे, फांदी तासणे यांपलीकडे त्याचा मला काही उपयोग नाही. पुढील काळात निरनिराळ्या देशांत भटकण्याचा विचार असल्यामुळे मी याविषयी वाचू लागलो, तर परस्परविरोधी उत्तरे मिळाली. कोणी तीन इंचांपर्यंतचे पाते चालते असे सांगतो, कोणी नऊ इंचांची मर्यादा सांगतो, तर कोणाच्या मते खिशात मावणारा चाकू हे मुळी हत्यारच नव्हे. यांपैकी खरे काय? आणि पाते पक्के करणारा खटका असण्याने कायद्याच्या दृष्टीने काही फरक पडतो का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

कलमवाचक

तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. घोटाळा असा की ती तीन वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांतून उचललेली आहेत आणि सांगणाऱ्यांनी देशाचे नाव गाळले आहे. तीन इंच ही मर्यादा ब्रिटनची, नऊ इंच भारताची, आणि खिशातला चाकू हत्यार नव्हे हे स्वित्झर्लंडचे. तेथील शस्त्रकायदा स्विस सैन्याच्या चाकूसारखे खिशातले चाकू शस्त्राच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळतो.

ब्रिटनबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज तिथल्याच नियमाविषयी आहेत. क्रिमिनल जस्टिस ॲक्ट, १९८८ च्या कलम १३९ प्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक ठिकाणी कोणतीही पातेदार किंवा अणकुचीदार वस्तू जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. त्याला एक अपवाद आहे, तो घडीच्या खिशातल्या चाकूचा, आणि तोही त्याच्या पात्याची धारेची कड तीन इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा, जास्त नसेल तरच. लोक एवढे वाचतात आणि थांबतात. प्रत्यक्षात ‘घडीचा चाकू’ कशाला म्हणायचे हा प्रश्न १९९३ मध्ये हॅरिस खटल्यात न्यायालयापुढे आला आणि निकाल असा लागला की जो चाकू कधीही, निव्वळ पाते दाबून मिटवता येतो तोच या अपवादात बसतो. मिटवण्यासाठी आधी कळ किंवा खटका सोडवावा लागत असेल तर तो कायद्याच्या लेखी अखंड पात्याच्या चाकूसारखाच ठरतो. पाते दोन इंचांचे असले तरी यात फरक पडत नाही. तुमचा चाकू लांबी आणि खटका अशा दोन्ही बाबतींत अपवादाबाहेर जातो.

याचा अर्थ तो तेथे बाळगताच येणार नाही असा मात्र नाही. ‘योग्य कारण’ असल्यास बचाव मिळतो. कामासाठी, धार्मिक कारणासाठी किंवा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगलेली वस्तू कायद्यानेच वेगळी काढली आहे. परंतु कारण सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते, आणि ते कारण त्या दिवसाचे, त्या ठिकाणचे असावे लागते. तंबू पाठीवर घेऊन डोंगराच्या वाटेवर असलेल्या माणसाचे कारण पटण्यासारखे आहे. तोच चाकू चार दिवसांनी शहरातल्या करमणुकीच्या ठिकाणी खिशात सापडला तर ‘काढून ठेवायला विसरलो’ एवढे सांगून भागत नाही. या कलमाखाली कमाल शिक्षा चार वर्षे कारावासाची आहे, तेव्हा हा विषय किरकोळ समजू नये.

धारकरी

वरील उत्तरात जर्मनी आणि जपान यांची भर घालतो, कारण तुमच्या चाकूच्या रचनेला हे दोन कायदे अगदी नेमके लागू पडतात.

जर्मनीत १ एप्रिल २००८ पासून शस्त्रकायद्यात कलम ४२अ आले. एका हाताने उघडणारे आणि उघडल्यावर पक्के बसणारे पाते, ही दोन्ही वैशिष्ट्ये एकत्र असलेला घडीचा चाकू जवळ बाळगून हिंडण्यास त्याने बंदी केली आहे, आणि तेथे लांबीचा प्रश्नच येत नाही. (१२ सेंटिमीटरची मर्यादा लोक सांगतात ती अखंड पात्याच्या चाकूंसाठी आहे, घडीच्या नव्हे.) व्यवसाय, खेळ, परंपरा यांसारखे रास्त प्रयोजन असल्यास सूट आहे आणि बंद पेटीतून नेण्यासही हरकत नाही. ‘जवळ बाळगणे’ आणि ‘नेणे’ यांत तो कायदा जो भेद करतो, तो माझ्या मते फार शहाणपणाचा आहे: पिशवीच्या तळाशी कुलपात असलेला चाकू कोणी रागाच्या भरात उपसत नाही. नियमभंगाला दहा हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस हे नियम आणखी कडक झाले. सार्वजनिक उत्सवांत आणि लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांत चाकू नेण्यावर निर्बंध आले, त्यामुळे २०२४ पूर्वीचे लेख वाचून तेथे जाऊ नका.

जपानमध्ये काम किंवा अन्य योग्य कारण नसताना सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पाते बाळगता येत नाही. घडीच्या चाकूला आठ सेंटिमीटरपर्यंत सवलत आहे खरी, परंतु ती मिळण्यासाठी पात्याची रुंदी दीड सेंटिमीटरपेक्षा आणि जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी लागते आणि पाते पक्के करणारी कोणतीही योजना त्यात असून चालत नाही. म्हणजे पुन्हा खटक्यापाशीच अडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आतला चाकूही कारणाशिवाय लपवून बाळगल्यास किरकोळ अपराधांविषयीचा १९४८ चा वेगळा कायदा लागू होतो. लांबी कमी असली म्हणजे सुटलो, असे तेथे होत नाही.

बंदोबस्त

फौजदारी खटल्यांची कागदपत्रे वाचणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून भारतातील नऊ इंचांबद्दल लिहितो. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्या जोडीला नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४ प्रमाणे जेथे अधिसूचना निघालेली आहे त्या भागात अशा हत्यारांना परवाना लागतो. यावरून ‘नऊ इंचांच्या आत सगळे माफ’ असा निष्कर्ष लोक काढतात, तो चुकीचा आहे.

एक तर ठिकठिकाणच्या अधिसूचनांत वेगळी मापे आहेत. दिल्लीच्या १९८० च्या अधिसूचनेत बटणाचे, स्प्रिंगचे, गरारीचे आणि इतर यांत्रिक योजनेने उघडमीट होणारे चाकू येतात आणि तेथे मोजमाप आहे ७.६२ सेंटिमीटर लांबी व १.७२ सेंटिमीटर रुंदी. ब्रिटनचेच तीन इंच येथेही दिसावेत ही गंमत आहे, पण दोन्हींकडे त्यांचे काम निराळे आहे. दुसरे म्हणजे मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक मुदतीपुरते हत्यारे, सुरे, काठ्या किंवा शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई करू शकतात, आणि त्या आदेशाच्या भंगाला कलम १३५ प्रमाणे एरवी किमान चार महिने आणि कमाल एक वर्ष कारावास व दंड आहे. त्या आदेशाला इंचांशी काही कर्तव्य नसते. वृत्तपत्रात ‘कलम ४, २५ सह ३७(१), १३५’ अशी जी ओळ वाचायला मिळते तिचा उलगडा हा असा आहे (२५ हे शस्त्र अधिनियमातले शिक्षेचे कलम).

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र मी एक गोष्ट सतत पाहतो. चाकू कोणत्या कामाचा वाटतो, कोठे आणि किती वाजता सापडला, बरोबर काय सामान होते आणि विचारल्यावर माणूस काय म्हणाला, या चार गोष्टींनी प्रकरणाची दिशा ठरते. पट्टी लावून मोजमाप त्यानंतर होते.

उघडझाप

सगळीकडे कायदे कडकच होत आहेत असे चित्र निर्माण होऊ नये म्हणून अमेरिकेचे उदाहरण देतो. तेथे १९५८ चा, बटण दाबताच आपोआप उघडणाऱ्या (स्विचब्लेड) चाकूंविषयीचा संघीय कायदा मुख्यतः आंतरराज्यीय व्यापाराला लागू आहे आणि खिशात काय बाळगावे हे राज्य, काही वेळा शहर, ठरवते. न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षे मनगटाच्या झटक्याने उघडणारा चाकू हा ‘गुरुत्वाकर्षणाचा चाकू’ मानून लोकांना अटक होत असे. त्यात साधे कामगारही सापडत, कारण वापरून सैल झालेला कोणताही चाकू झटक्याने उघडू शकतो. ती बंदी २०१९ मध्ये रद्द झाली. टेक्सासने २०१७ मध्ये बाळगण्यावरचे बहुतेक निर्बंध उठवले आणि साडेपाच इंचांपेक्षा लांब पाते फक्त शाळांसारख्या ठरावीक जागी निषिद्ध ठेवले. उलट संघीय सरकारी इमारतींत अडीच इंचांपेक्षा कमी पात्याचा खिशातला चाकू तेवढा ‘घातक हत्यारा’च्या व्याख्येबाहेर आहे.

कॅनडाला जाणार असाल तर मात्र सावध राहा. तेथे बटण दाबून, गुरुत्वाकर्षणाने किंवा केंद्रापसारी बलाने उघडणारा चाकू पूर्ण निषिद्ध आहे, पाते कितीही लहान असो. अंगठ्याने उघडणारे चाकू या व्याख्येत ओढले जाण्याचा धोका असतो, म्हणून पात्याचा स्क्रू सैल असेल तर तो आवळून घ्या.

पायवाट

सर्वांचे आभार. दोन शंका उरल्या आहेत. अधिकाऱ्याने विचारले तर ‘स्वसंरक्षणासाठी’ असे सांगणे योग्य होईल का? आणि विमानप्रवासाचे काय?

कलमवाचक

स्वसंरक्षणाचे उत्तर तर अजिबात देऊ नका, आणि ते तुमच्या बाबतीत खरेही नाही. प्रसंग आल्यास वापरता यावे म्हणून चाकू बाळगला असे म्हणताच तुम्ही स्वतःच्या तोंडाने अवजाराचे हत्यार करता. ब्रिटनच्या १९५३ च्या कायद्यात इजा करण्याच्या हेतूने बाळगलेली कोणतीही वस्तू आक्रमक हत्यार ठरते आणि तीन इंचांचा अपवाद तेथे उपयोगी पडत नाही. ‘वाटेत कोणी अडवलेच तर’ अशा सर्वसाधारण भीतीला न्यायालये योग्य कारण मानत नाहीत. जे खरे आहे तेच सांगा: तंबू, दोरी, सायकल. ते सामान बरोबर दिसत असेल तर फार बोलावेही लागत नाही.

विमानात चाकू नेहमी सामान-कक्षात जाणाऱ्या बॅगेत, पाते मिटवून आणि गुंडाळून ठेवावा. युरोपीय संघाच्या नियमांत हातातल्या सामानासाठी सहा सेंटिमीटरची मर्यादा आहे, पण तिच्यावर विसंबू नका, कारण अमेरिकेत २०१३ मध्ये अशीच सवलत जाहीर होऊन अंमलात येण्यापूर्वीच मागे घेतली गेली आणि परतीच्या विमानतळावर दुसराच नियम असू शकतो.

तुमच्या जागी मी असतो तर दोन हातांनी उघडणारा, खटका नसलेला, सहा सेंटिमीटरच्या आतला दुसरा चाकू घेतला असता. वर आलेल्या बहुतेक कायद्यांत त्याची अडचण सर्वांत कमी होते, दोरी तेवढ्याने कापली जाते, आणि तोही वस्तीत शिरताना खिशातून काढून पिशवीच्या आत ठेवता येतो.