मेटल गिटारसाठी कॅबचे (स्पीकरच्या पेटीचे) स्पीकर कसे निवडलेत? अनुभव लिहा

सहा वर्षं मी ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये (सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवून) रिदम गिटार वाजवतोय. पिकअप बदलले, तारा जाड लावल्या, अँपच्या नॉबांशी खेळून झालं. तरी बँडबरोबर पाम-म्यूट (तळहाताने तारा हलक्या दाबून) मारला की 'जग्' असा तुटक आवाज यायच्या जागी 'जूंऽऽ' अशी शेपटी राहतेच. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) जितका वेगवान, तितक्या या शेपट्या एकमेकींवर चढतात आणि ड्रमचा डबल-बास (दोन पायांनी वाजणारी किक) सुरू झाला की खाली नुसती घरघर उरते.

मागच्या महिन्यात एका मित्राच्या कॅबला माझा अँप जोडला. एकही नॉब हलवला नाही. तोच रिफ, तोच हात, पण प्रत्येक फटका मोजून घ्यावा इतका सुटा. घरी येताना डोक्यात एकच विचार होता, की इतकी वर्षं मी स्पीकरकडे पाहिलंच नाही.

माहितीपत्रकातले आलेख मी वाचलेत. मला तुमच्या कानांचे अनुभव हवेत. आधी एका ओळीत सेटअप लिहा, मग काय बदललंत आणि काय जाणवलं ते सविस्तर. माझा: ड्रॉप सी, १०० वॉटचा ट्यूब अँप, मागून बंद २×१२ (१२ इंची दोन स्पीकरांची पेटी), आत कसलाही शिक्का नसलेले दोन स्पीकर.

* * *

ड्रॉप बी, १०० वॉट, ४×१२, चारही व्हिंटेज ३०.

सेलेस्टियन कंपनीचा हा स्पीकर १९८६ सालचा. मेटल ऐकणाऱ्याच्या कानात तो नकळत बसलेला असतो, नाव माहीत नसलं तरी. पण घरी एकटीने पहिल्यांदा वाजवला तेव्हा माझा पार हिरमोड झाला होता. २ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज उचललेला आहे आणि एकटं वाजवताना तो भाग घासात खडा यावा तसा लागतो. मी ट्रेबल उतरवला, प्रेझेन्स उतरवला, शेवटी गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी वाटायला लागली.

दोन दिवसांनी बँडबरोबर बसलो आणि सगळे नॉब जिथे होते तिथे परत नेले. किक, बास आणि सिंबल यांच्या मधे जी फट असते, नेमका तिथे हा उचललेला भाग जाऊन बसतो. पिक तारेवर आपटतानाचा 'टक्' ऐकू येतो. मला वाटतं ज्याला आपण टाइट म्हणतो त्यातला निम्मा भाग हा 'टक्'च असतो. नोट कुठे सुरू झाली हे स्पष्ट कळलं की ती कुठे संपली तेही कान सोडवून घेतो.

आणखी दोन गोष्टी. नवा असताना तो कडक असतो. काही आठवडे मोठ्या आवाजात वाजवल्यावर कोनची (स्पीकरच्या कागदी शंकूची) कड सैलावली आणि चिरकेपणा उतरला. पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. दुसरं म्हणजे पेटी. हेच स्पीकर मी आधी मागून उघड्या २×१२ मध्ये ऐकले होते. तिथे पाम-म्यूटला ठोसाच नव्हता. उघड्या पेटीत कोनच्या मागची हवा वळून पुढच्या हवेला भेटते आणि खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. मेटलसाठी पेटी मागून बंदच हवी, आणि पॅनल जाड प्लायवूडचं.

* * *

स्पीकर बदलण्याआधी ट्यूब स्क्रीमर किंवा त्याच जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल अँपच्या पुढे लावून पाहा. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल भरपूर, टोन मधे. त्याच्या क्लिपिंगच्या टप्प्यात ७२० हर्ट्झच्या खालचा भाग हळूहळू उतरत जातो, त्यामुळे अँपच्या गेनपर्यंत (आवाज फाडणाऱ्या टप्प्यापर्यंत) जाडा बास पोचतच नाही. बास गेनच्या आधी कापायचा, ठोसा हवा असेल तर पॉवर अँपकडून (अँपच्या स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्याकडून) परत घ्यायचा. माझ्या जुन्या कॅबमधली निम्मी शेपटी एवढ्याने गेली. उरलेली निम्मी मात्र स्पीकरचीच होती.

* * *

वरच्या मुद्द्याला धरून पॉवर अँपबद्दल लिहितो, कारण याच जागी माझी दोन वर्षं गेली. (ड्रॉप सी, ट्यूब अँप, ४×१२.)

स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असतं, पण तो आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. प्रत्येक स्पीकरची एक स्वतःची रेझोनन्सची जागा असते, गिटारच्या १२ इंची स्पीकरमध्ये बहुधा ७५ ते ८५ हर्ट्झच्या आसपास, आणि बंद पेटीत बसवला की ती आणखी वर सरकते. त्या जागी स्पीकरचा अडथळा लिहिलेल्या आकड्याच्या कितीतरी पट होतो. पॉवर अँपमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत परत देणं) भरपूर असेल तर तो कोनला लगाम घालतो. कमी असेल तर कोन त्या सुरावर झोका घेत राहतो, नोट थांबली तरी. तीच ती 'जूंऽऽ'.

माझ्या अँपला दोन मोड आहेत आणि त्यातल्या एकात हा फीडबॅक पूर्ण काढून टाकलेला आहे. तो मोड एकट्याने वाजवताना अफाट वाटतो, छाती भरून येते. म्हणून मी तोच धरून बसलो होतो आणि कॅबला दोष देत होतो. दुसऱ्या मोडवर गेलो आणि तेच स्पीकर शहाण्यासारखे वागू लागले. तुमच्या अँपवर रेझोनन्स किंवा डेप्थ नावाचा नॉब असेल तर आधी तो पूर्ण खाली नेऊन ऐका.

* * *

ड्रॉप डी, ४×१२, दोन जी१२टी-७५ (हेही सेलेस्टियनचे) आणि दोन व्हिंटेज ३०, तिरपे लावलेले.

मिश्रणाचा अनुभव हवा असेल तर हा घ्या. टी-७५ मध्ये मिड आत गेलेला आणि खालचा-वरचा भाग पुढे. व्हिंटेज ३० मध्ये नेमका मिड पुढे. कागदावर दोघं एकमेकांचं उणं भरून काढतात. मला वाटलं होतं निम्मा हा, निम्मा तो ऐकू येईल. तसं होत नाही. टी-७५ ची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो ते) ९७ डेसिबल आहे, व्हिंटेज ३० ची १००. तीन डेसिबल म्हणजे तितकाच मोठा आवाज काढायला दुप्पट वॉट लागावेत एवढा फरक. म्हणजे बँडमध्ये ऐकू येतो तो व्हिंटेज ३०, आणि टी-७५ त्याच्या खाली सतरंजीसारखा पसरतो. मला ते आवडलं, आजही तीच जोडी आहे. पण समसमान मिश्रण डोक्यात ठेवून कुणी पैसे घालू नयेत. समान जोराचे हवे असतील तर जी१२के-१०० पाहा, तो ९९ डेसिबलचा आहे, १०० वॉट सोसतो, आणि खालचा भाग फार ताब्यात ठेवतो.

* * *

मूळ प्रश्न विचारणारा मीच, हे वाचून आणखी एक प्रश्न. माझ्या पेटीत दोनच स्पीकर आहेत आणि अँपला ८ ओहमचं सॉकेट वापरतो. नवे घेताना ८ चे घ्यायचे की १६ चे?

* * *

१६ चे. दोन १६ ओहमचे पॅरलल जोडले की ८ होतात. दोन ८ चे सिरीजमध्ये १६ होतात, पॅरलल ४ होतात. ८ काही केल्या होत नाहीत. ट्यूब अँपला चुकीचा भार देऊन मोठ्या आवाजात वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर भोगतो.

वॉटही बघा. मी १०० वॉटच्या अँपला दोन ग्रीनबॅक स्पीकर लावले होते, प्रत्येकी २५ वॉटचे. दोघांचे मिळून ५० होतात हे मला माहीत होतं, तरी 'एवढ्या जोरात कुठे वाजवणार' म्हणून चालवलं. तिसऱ्या तालमीला पेटीतून जळक्या वार्निशचा वास आला आणि एक कॉइल कायमची गेली. स्पीकरचा त्यात काही दोष नव्हता.

आणि जोडणी स्वतः करणार असाल तर पोलॅरिटी (धन-ऋण तारांची बाजू) तपासा. पुढे दोन नवे स्पीकर बसवले तेव्हा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ झाला. ठोसा गायब. परत करायला निघालो होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून १.५ व्होल्टचा साधा सेल घेतला, स्पीकरची केबल कॅबमध्ये घातली आणि मोकळ्या टोकाच्या टिपला सेलची धन बाजू, बाहेरच्या नळीला ऋण बाजू क्षणभर टेकवली. जाळी काढलेली होती. डावा कोन 'टप्' करून पुढे आला, उजवा आत गेला. उजव्याच्या दोन तारा उलट्या खोचल्या होत्या. एक हवा पुढे ढकलतोय, दुसरा ओढतोय, मग बास राहणार कुठे? खटके काढून अदलाबदल केली, दोन मिनिटांचं काम. त्यानंतरचा पहिला पाम-म्यूट अजून आठवतो, पँटचं कापड हललं होतं.

* * *

आठ तारा, खालची तार एफ शार्प, २×१२, दोन्ही स्पीकर इलेक्ट्रो-व्हॉइस ईव्हीएम१२एल.

आमच्यासारख्यांचं गणित थोडं वेगळं आहे. खालचा एफ शार्प म्हणजे ४६.२५ हर्ट्झ. तुमचा ड्रॉप सीचा सी ६५.४. हे दोन्ही सूर गिटारच्या बहुतेक स्पीकरांच्या रेझोनन्सच्या खाली पडतात. म्हणजे मूळ सूर कॅबमधून नीट येतच नाही. आपल्याला ऐकू येतात त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट सूर, आणि मूळ सूर कान स्वतः रचून घेतो. हे कळल्यावर मी कॅबकडून खोल बास मागणं सोडून दिलं. ती जागा बास गिटारची आहे, तिलाच द्यावी.

स्पीकरकडून मला हवं होतं ते एवढंच की त्याने स्वतःचं काही मिसळू नये. कमी वॉटचे स्पीकर जोरात चालवले की कोन स्वतः थोडा फाटल्यासारखा वाजू लागतो, आणि ब्लूज-रॉकला तो गोडवा असतो. माझ्या रिफला तो चिखल होतो. ईव्हीएम१२एल २०० वॉटचा आहे, दोन मिळून ४००. माझा अँप त्यांना घाम फोडू शकत नाही. अँपने जे दिलं तेच येतं, वाईट टोन दिलात तर वाईट टोन. वजन मात्र जबर. जिना असेल तर दोघांनी उचला.

* * *

कुणी पेटीच्या खडखडीवर लिहिलेलं नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात आधी तीच तपासावी. मी इतरांचे कॅब दुरुस्त करते. 'स्पीकर सैल वाटतो' म्हणून आलेल्या पेट्यांत स्पीकर ठणठणीत असतो असं वारंवार दिसतं.

कॅबला साधी साइन लहर द्या, आवाज मध्यम, आणि ६० पासून ३०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जा. गिटार वाजवताना ही खडखड डिस्टॉर्शनमध्ये लपते, शुद्ध सुरात लपत नाही. मागच्या एका कॅबमध्ये ११० च्या जवळ 'झर्रऽ' असा आवाज यायचा. तळहाताने मागचं पॅनल दाबलं, तसाच राहिला. हँडलची धातूची वाटी दाबली, बंद. चार स्क्रूंपैकी एक नुसता भोकात फिरत होता. काडीपेटीच्या दोन काड्या गोंदात बुडवून भोकात बसवल्या, सुकल्यावर स्क्रू परत आवळला. पुढे जॅकची पाटी, बॅफलची (स्पीकर बसवलेल्या पुढच्या फळीची) कड, जाळीची चौकट असं एकेक दाबत जायचं. मागच्या पॅनलमधून हवा सुटत असेल तर कडेने फोमची पट्टी लावा. बंद पेटी खरोखर बंद असली तरच बंद पेटीसारखी वागते.

स्पीकरचे स्क्रू आवळताना समोरासमोरचे घ्या, थोडे थोडे, आणि फार नको. चौकट पिळली की कॉइल घासायला लागते.

* * *

रेकॉर्डिंगपुरतं: ४×१२ मधले चारही 'एकसारखे' स्पीकर एकसारखे वाजत नाहीत. मी प्रत्येकासमोर तोच एसएम५७ माइक त्याच अंतरावर ठेवून एकच रिफ घेते आणि पाठ फिरवून ऐकते. माझ्या कॅबमध्ये खालचा डावा जिंकतो, नेहमी. मग माइक मधल्या टोपीच्या कडेपाशी. बोटभर इकडे-तिकडे सरकवला तरी स्पीकर बदलल्याएवढा फरक पडतो, म्हणून नवे घेण्याआधी माइक सरकवून बघा.

* * *

१२ इंची स्पीकर वरचे सूर झोतासारखे सरळ फेकतो. कॅब गुडघ्याशी आणि तुम्ही बाजूला, म्हणजे तुम्हाला फक्त घुमणारा भाग ऐकू येतो, तुम्ही ट्रेबल चढवता आणि समोरच्याचे कान फाटतात. पेटी उंच ठेवा, तोंड स्वतःच्या डोक्याकडे. जमिनीपासून सुटली की तळाचं घुमणंही कमी होतं.

* * *

पाच आठवड्यांनी परत लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

क्रमाने केलं. सेलची चाचणी केली, दोन्ही कोन एकाच दिशेने आले. साइन लहर दिली, ९५ च्या आसपास मागचं पॅनल बोलत होतं. दोन स्क्रू मुळात नव्हतेच. ते लावले, कडेने पट्टी लावली. डेप्थचा नॉब अर्ध्यावरून पार खाली आणला. इथेच शेपटी इतकी आखूड झाली की स्पीकर बदलू नये असं वाटायला लागलं. पण आवाज तरीही लोकरीसारखा होता, पिक ऐकू येत नव्हता. मग १६ ओहमचे दोन व्हिंटेज ३० घेतले, पॅरलल जोडले. पहिल्या संध्याकाळी ते फार टोचले. वरचा अनुभव वाचलेला होता म्हणून नॉबांना हात लावला नाही, थेट तालमीला नेले.

सोळाव्या नोटांचा तो रिफ, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं, तो १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठोके) वाजवला. संपल्यावर आमचा बासिस्ट म्हणाला, "परत एकदा घे." आजवर त्याला त्या जागी स्वतःची खालची तार ऐकूच आली नव्हती. आम्ही तो तुकडा लागोपाठ सात वेळा घेतला.