मदत हवी आहे: चौथीतल्या पोरीला महाराष्ट्र कसा शिकवू?

नमस्कार मंडळी, लेक चौथीत आहे आणि राज्यचिन्हं पोपटासारखी म्हणून दाखवते, शेकरू, हरियाल, आंबा, ताम्हण, २०१५ पासूनचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉनसुद्धा, पण नकाशा पुढं ठेवला की गाडी अडली. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी मिळून पंचगंगा होते हे प्रयाग चिखलीला नेऊन दाखवलं तर लगेच डोक्यात बसलं बघा, पुढं नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते तेपण आता स्वतःच सांगते. पण ३६ जिल्हे असे फिरून कसे दाखवणार ओ? चार्ट नकोत, भिंती भरल्यात. कोणी घरी नकाशाचा खेळ वगैरे केलाय का? आणि राधानगरीत शेकरू दिसायचा चान्स कधी जास्त असतो, जाणकारांनी सांगा की.