मदत हवी आहे: गो भाषेत मराठी अक्षरे मोजताना 'दुसऱ्या'पाशी अडलोय

पायथॉन, मग जावास्क्रिप्ट आणि आता गो, असा घरीच शिकत आलोय. शब्दकोड्याचा प्रोग्रॅम गोमध्ये आणतोय. एका चौकोनात एक अक्षर, म्हणजे 'क्षितिज'ला ३ चौकोन. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट लांबी ७ सांगतात, गोचे लांबी मोजणारे लेन २१ (यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं). रूनमध्ये (गोमध्ये एक रून म्हणजे एक युनिकोड चिन्ह) बदललं की पुन्हा ७.

मजकूर ग्राफीममध्ये (वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर) तोडणारी एक लायब्ररी लावली, तर ४ आले: क्, षि, ति, ज. हा युनिकोडचा जुना नियम. जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम युनिकोडच्या आवृत्ती १५.१ मध्ये, २०२३ साली आला. म्हणून सध्या स्वतःचा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) वापरतोय: (व्यंजन + हलन्त) कितीही वेळा, मग व्यंजन, मग मात्रा-अनुस्वार. सुटे स्वर वेगळे. 'अर्थात्'सारखा शेवटचा हलन्तही चालतो.

खरी गोची 'दुसऱ्या'ची. कोणी ऱ + हलन्त + य टंकतं, कोणी र + हलन्त + झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) + य. दिसायला तेच, तुलनेत वेगळे. एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी टंकलेली रूपं एकसारखी करणारी युनिकोडची पद्धत) करून पाहिलं, उपयोग नाही. ते जॉइनरला हातच लावत नाही. जॉइनर सरसकट काढला तर 'दर्या' आणि 'दऱ्या' एक होतात, तेही नको.

शब्दांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे, प्रोग्रॅम ऑफलाइन चालायला हवा, सी-गो (गोमधून सी भाषेचा कोड वापरणं) नको.

र + हलन्त + जॉइनर दिसलं की ऱ + हलन्त करावं म्हणतोय. यात कुठला मराठी शब्द बिघडेल का? आणि १५.१ चा नियम पाळणारी शुद्ध गोमधली लायब्ररी कोणी वापरली आहे का?