स्की बोटीला ट्रिम टॅब बसवायचाय, भोकं पाडायला हात धजत नाही

बेतीवाला: मांडवीत स्कीइंगसाठी जुनी फायबरची बोट घेतलीय, माणूस ओढायला लागली की नाक वर जातं आणि पुढचं काहीच दिसत नाही, म्हणून मागच्या फळीला खाली वरखाली होणारा पत्रा, म्हणजे ट्रिम टॅब, लावायचाय. पावसात बोट वर काढलीय तेव्हाच करतो. भोकं कुठं पाडू?

शापोऱ्याचा: टॅब खाली केला की मागची बाजू उचलते, नाक आपोआप खाली येतं. पत्र्याची कड तळाच्या साधारण 6 मिमी वर ठेव, तळाला पट्टी लावून बघ. मागच्या फळीत आत प्लायवूड असतं रे, भोकात सीलंट नीट भर, माझ्या बोटीत मिस्त्रीनं कोरडाच स्क्रू पिळला होता, दोन वर्षांनी काढला तर लाकूड भिजलेल्या पावासारखं हातात आलं, फार वाईट वाटलं.

झुआरीकाठ: स्क्रू 316 स्टीलचेच (गंज न धरणारं स्टेनलेस) घे, खाऱ्या पाण्यात साधे टिकत नाहीत. आणि पहिल्यांदा एकदम खाली करू नकोस, नाक रुततं नि बोट भलतीकडे वळते, थोडा थोडा उतरव.

बेतीवाला: देव बरे करूं दोघांनाय! उद्या आधी फळी ठोकून बघतो, आवाज बद्द आला तर प्लायवूडच बदलतो.