शेवळं घशाला खाजतात, काय चुकतं?

प्रश्न: ठाण्याच्या बाजारातून शेवळं (रानभाजी) आणली. चिंच घातली, तरी घसा खाजला. कुठे चुकलं?

प्रतिसाद १: बहुतेक साफ करताना. बाहेरचं आवरण सोला, आतल्या दांड्यावरचा पिवळा रवाळ भाग पूर्ण काढून टाका. शेवळं सुरणाच्या कुळातली, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात म्हणून खाज. चिरताना हाताला तेल लावाच.

प्रतिसाद २: सोबत काकडं (छोटी आंबट रानफळं) घेतली नाहीत का? एका जुडीला ८-१० ठेचा, बिया काढून रस घाला. बारीक चिरलेली शेवळं आधी तेलात चांगली परता, मगच आंबट. घाईत कच्ची राहिली की खाजणारच.

प्रतिसाद ३: ही लागवडीची भाजी नाही, पहिल्या पावसाच्या सुमारास रानात उगवते. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ जरा सढळ हाताने.