नंदी, बंडी आणि चाकं: बारीक लाकूड कापायला स्वस्तातली करवत कोणती?

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा, जवळ आला. लेकरांसाठी लाकडाचा नंदी नाहीतर छोटी बंडी (बैलगाडी) घरीच करणाऱ्यांनी आपला अनुभव इथं लिहावा. सुताराच्या मोठ्या करवतीनं सहा मिलिमीटरची पट्टी कापली की कोपरा उचकटतोच. मग वापरायचं काय?

आर्वीकडून
लोखंड कापायचं हॅक्सॉचं पातं घ्या, 12 इंची, इंचाला 24 दात. फ्रेम नसली तरी चालते. एका टोकाला सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळली की मूठ तयार. दात मुठीकडे वळलेले ठेवा आणि ओढताना कापा; ढकललं की उघडं पातं वाकतं. लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दात बसले पाहिजेत. म्हणजे या पात्याला 3 मिलिमीटरचं प्लाय ही शेवटची हद्द. त्याहून पातळ असेल तर 32 दातांचं घ्या. ओल्या लाकडाचा भुसा दातांत बसतो, मग पातं नुसतं घसरतं. जुन्या टूथब्रशनं झाडत राहा.

चिमूरकडून
नंदीला कोपिंग सॉच बरी, म्हणजे कमानीसारख्या फ्रेममध्ये बारीक पातं ताणलेली करवत. 18 मिलिमीटरची शिवणीची फळी तिला झेपते. आधी लाकडाची रेष (धाग्यांची दिशा) बघा: ती पायांतून उभी गेली पाहिजे. आडवी आली तर लेकरानं दोरी ओढताच पाय मोडतो. शिंगं त्यासाठीच वेगळी कापून चिकटवायची.

कागदावरचं चित्र पातळ फेविकॉलनं फळीवर चिकटवा. पाटाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडा, पाट टेबलाच्या कडेला सी-क्लॅम्पनं (सी आकाराच्या लोखंडी शिकंज्यानं) आवळा. फळी खाचेवर आडवी ठेवायची आणि करवत उभी धरून खालून वर, वरून खाली चालवायची. दात खाली, मुठीकडे. पातं बोटानं छेडलं की टण्ण वाजलं पाहिजे. ढिलं पातं तिरपं कापतं, मग वरून बरोबर दिसणारा पाय खालून बारीक निघतो.

पायांमधली जागा आधी काढा, बाहेरची रेघ नंतर, म्हणजे धरायला भरपूर लाकूड राहतं. वळणावर करवत थांबवून पिळू नका, जागच्या जागी वरखाली चालवत फळी हळूहळू फिरवा. पाती मोडतात ती बहुतेक इथंच.

पुसदकडून
बंडीच्या बारीक कामाला सोनाराची करवत. पाती डझनानं मिळतात, मोडतातही पटापट, त्यामुळे एकच घेऊन येऊ नका. पात्याला मेणबत्ती घासली की चाल हलकी होते. चाकातल्या खिडक्यांना (आऱ्यांमधल्या मोकळ्या जागांना) 2 मिलिमीटरचं भोक पाडून पातं आत ओवायचं. प्लायचा खालचा पापुद्रा उडतो, तिथं कागदी चिकटपट्टी लावा.

सिरोंचाकडून
सागवानाचे तुकडे फुकट मिळाले तरी त्यात सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं. त्यात पातं हाताशी जास्तीचं ठेवा. बांबू एका बाजूनं कापत नेला तर शेवटी चीर फाटते; फिरवत फिरवत चारी बाजूंनी थोडा थोडा कापा.

समुद्रपूरकडून
भाऊ, मोटर लावून केलेल्या गोल चकतीच्या करवतीवर बोटभर तुकडा हातानं धरू नका. तो चकती आणि बाजूच्या आधारपट्टीमध्ये अडकून उलटा उडतो, बोट आत जातं. लांब पट्टी असतानाच जे कापायचं ते कापा, उरलेलं हातकरवतीनं.